मनाचें औषध आणि माणसाची जबाबदारी

आपल्या खेड्यापाड्यांतील मंडळ्यांत एक प्रश्न अलीकडे वारंवार निघूं लागला आहे, आणि त्याचें उत्तर देतांना उपदेशकांस अडचण पडते. एखाद्या बंधूस किंवा भगिनीस मोठी उदासी येते. अन्न गोड लागत नाहीं, रात्र रात्र डोळा लागत नाहीं, प्रार्थनेस बसलें तर शब्द सुचत नाहीं. मग घरचा कोणी शहाणा माणूस त्यांस तालुक्याच्या किंवा जिल्ह्याच्या दवाखान्यांत नेतो, डॉक्टर गोळ्या देतात, आणि दीड-दोन महिन्यांत तो मनुष्य पुन्हां शेतावर जाऊं लागतो, लेकरांशीं बोलूं लागतो. तेव्हां शेजारीपाजारी म्हणतात, ‘ही सुधारणा याची कीं गोळीची? उद्यां गोळी सुटली तर हा माणूस राहिला कोठें?’ कोणी याहून कठोर होऊन म्हणतो, ‘याचा विश्वास पक्का असता तर याला गोळी लागलीच नसती.’ या प्रश्नाला एक उलट बाजूही आहे. ती विचारणारे थोडे, परंतु ती अधिक बिकट आहे. औषध घेतल्यानंतर एखाद्याची वर्तणूक बिघडली, तर तो दोष त्याचा कीं औषधाचा?

या दोहोंचें मूळ एकच आहे. औषध जर स्वभावापर्यंत पोहोंचत असेल, तर ज्याला आपण ‘मी’ म्हणतों तो कोठें राहतो, आणि त्याच्यापाशीं जाब कशाचा मागावयाचा? मोठमोठ्या विद्वानांस हा प्रश्न पडला आहे. पण त्यावर खेड्यांतल्या माणसांची अब्रू, संसार आणि कधीं कधीं प्राणही अवलंबून असतात, म्हणून तो विद्वानांवर सोंपवून आपणांस स्वस्थ बसतां येत नाहीं.

प्रथम हीं औषधें शरीरांत काय करितात तें समजून घेऊं. आपल्या मेंदूंत सुमारें ८६ अब्ज मज्जापेशी आहेत. एका पेशीचें टोंक दुसरीस बहुधा चिकटलेलें नसतें. मध्यें अतिसूक्ष्म फट असते. निरोप पाठवावयाचा असला म्हणजे पहिली पेशी थोडेंसें रसायन त्या फटींत सोडते. तें पलीकडच्या पेशीच्या ठराविक दारीं लागतें, आणि निरोप पोहोंचतो. काम झालें कीं पहिली पेशी तें रसायन बहुतेक परत ओढून घेते. जसा नावाडी उतारू पोहोंचवून नाव अलीकडच्या तीरास आणतो. अशा निरोप्या रसायनांपैकीं दोहोंशीं आपल्याला येथें काम आहे. एक सेरोटोनिन व दुसरें डोपामिन.

सेरोटोनिन हें १९४८ सालीं अमेरिकेंतील क्लीव्हलंड येथें रक्तांतून प्रथम शुद्ध स्वरूपांत वेगळें करण्यांत आलें. शरीरांतील त्याचा नऊ-दशांश भाग आंतड्यांत असतो. मेंदूंत तें थोडें, परंतु झोप, भूक, भय आणि मनाचा कल यांवर त्याचा हात असतो. डोपामिनचीं कामें दोन प्रकारचीं आहेत. एक, हातापायांची हालचाल सुरळीत ठेवणें. दुसरें, मनास एखाद्या गोष्टीकडे ओढणें. वर्तमानपत्रांत त्यास ‘आनंदाचें रसायन’ म्हणण्याची चाल पडली आहे, ती मला चुकीची वाटते. वुल्फ्राम शुल्ट्झ या शास्त्रज्ञानें माकडांवर केलेल्या प्रयोगांत असें दिसलें कीं, फळाचा रस अकस्मात् मिळाला म्हणजे डोपामिनच्या पेशी चेततात. पण रसाच्या अगोदर दिवा लागतो हें माकडास कळल्यावर त्या दिव्यालाच चेततात, रसाला नाहीं. आणि दिवा लागून रस न आला तर गप्प होतात. म्हणजे हें रसायन भोगाचें नव्हे, अपेक्षेचें आहे. दारू, तंबाखू, जुगार यांच्या पकडींत सांपडलेला मनुष्य सुख संपल्यावरही त्यांकडे कां धांवतो, याचा थोडा उलगडा येथें होतो.

आतां औषधें. फ्लुओक्सेटिन या नांवाच्या औषधास १९८७ च्या डिसेंबरांत अमेरिकेंत परवानगी मिळाली. तें व त्याच्या जातीचीं दुसरीं औषधें सेरोटोनिन परत ओढण्याचें काम अडवितात, म्हणून तें फटींत अधिक वेळ राहतें. हें अडविणें कांहीं तासांतच घडतें; पण रोग्यास आराम वाटूं लागण्यास दोनपासून सहा आठवडे लागतात. यावरून दिसतें कीं, रिकाम्या कंदिलांत तेल ओतावें तसें हें काम नसून, मेंदू त्या बदलाशीं हळूहळू जुळवून घेतो. उलटपक्षीं क्लोरप्रोमाझिन हें औषध, जें १९५२ सालीं पॅरिस येथें डिले व डेनिकर या डॉक्टरांनीं भ्रमिष्ट रोग्यांस दिलें, तें डोपामिनचीं पलीकडचीं दारें लावून घेतें. नसलेले आवाज ऐकणाऱ्या माणसाचे आवाज त्यानें मंदावतात. मात्रा फार झाली तर हातपाय ताठतात व थरथरतात.

या विद्येचा एक झरा आपल्याच देशांतून निघाला आहे, हें पुष्कळांस ठाऊक नसतें. सर्पगंधा या झुडुपाच्या मुळ्या आपल्याकडील वैद्य वेडावर व निद्रानाशावर पिढ्यान्पिढ्या देत आले. १९३१ सालीं कलकत्त्याचे गणनाथ सेन व कार्तिकचंद्र बोस यांनीं या मुळीनें वेडाची खळबळ व रक्ताचा दाब हीं दोन्ही कमी होतात असें छापून प्रसिद्ध केलें. मुंबईचे डॉक्टर रुस्तुम जाल वकील यांनीं रक्तदाबाच्या रोग्यांस ती देऊन १९४९ सालीं इंग्लंडांतील हृदयरोगाच्या मासिकांत आपला अनुभव लिहिला, तेव्हां जगाचें लक्ष तिकडे गेलें. १९५२ सालीं स्वित्झर्लंडांतील बाझल येथें त्या मुळींतून रेसर्पिन नांवाचें सत्त्व काढण्यांत आलें, आणि तें लक्षावधि लोकांच्या पोटांत गेलें.

मग एक चमत्कारिक गोष्ट कानांवर येऊं लागली. रक्ताचा दाब कमी व्हावा म्हणून रेसर्पिन घेणारे कांहीं रोगी खिन्न होऊं लागले. ज्यांना पूर्वीं चांगला उत्साह होता त्यांस कशांतच गोडी वाटेना. सर्वांस असें झालें नाहीं, आणि ज्यांस झालें त्यांतील कित्येकांस अशी खिन्नता आधींही येऊन गेली होती, असें पुढें बारकाईनें पाहणाऱ्यांनीं दाखविलें. तरी शोध सुरू झाला. १९५५ सालीं अमेरिकेंतील ब्रॉडी व त्यांचे सहकारी यांनीं दाखविलें कीं, रेसर्पिन मेंदूंतील सेरोटोनिनचा सांठा रिता करितें. दोन वर्षांनीं स्वीडन देशांतील आर्व्हिड कार्लसन यांनीं सशांस रेसर्पिन दिलें. ससे कान पाडून, हालचाल न करितां पडून राहिले. नंतर त्यांस एल-डोपा हें द्रव्य टोंचलें, ज्यापासून शरीर डोपामिन तयार करितें. थोड्याच वेळांत ससे उठून हिंडूं लागले. या व पुढील कामाबद्दल कार्लसन यांस २००० सालीं नोबेल पारितोषिकाचा वांटा मिळाला.

उपदेशक बंधूंनीं या सशांचा विचार जरूर करावा. ज्यांच्यापुढें चारा आहे, ज्यांचे पाय शाबूत आहेत, असे ते प्राणी पडून होते, आणि त्यांस कोणी ‘आळशी’ म्हणालें असतें तर तें वेडेपणाचें झालें असतें. मात्र मनुष्य असा पडून राहिला म्हणजे ‘आळशी’, ‘अविश्वासी’ हे शब्द आपल्या ओठांवर किती सहज येतात!

त्याच सुमारास दुसऱ्या बाजूनेंही पुरावा आला. १९५२ सालीं न्यूयॉर्कच्या स्टेटन बेटावरील सी व्ह्यू क्षयरोगालयांत इप्रोनियाझिड हें क्षयावरील नवें औषध देण्यांत आलें. खंगलेले रोगी हंसूं, बोलूं, आवडीनें जेवूं लागले; कांहीं तर दालनांत नाचूं लागले, त्यांचीं छायाचित्रें वर्तमानपत्रांत आलीं. फुप्फुसें सुधारलीं म्हणून आनंद झाला असेल, असें कोणीही म्हणावें. पण क्षय नसलेल्या खिन्न रोग्यांसही त्यानें गुण येतो असें १९५७ सालीं नेथन क्लाइन या डॉक्टरनें दाखविलें. पुढें यकृतास अपाय होतो म्हणून तें औषध मागें पडलें.

या सर्वांवरून पुष्कळांनीं एक सोपी गोष्ट बनविली कीं, सेरोटोनिन कमी झालें म्हणजे उदासी, तें भरलें म्हणजे आनंद. ही गोष्ट इतकी सोपी होती कीं, डॉक्टरही ती रोग्यांस सांगूं लागले. २०२२ सालीं लंडन येथील जोआना मॉन्क्रीफ व त्यांच्या सहकाऱ्यांनीं पूर्वीचे सर्व अभ्यास एकत्र पाहून असा निर्णय दिला कीं, उदासीचें कारण सेरोटोनिनची उणीव होय याला सुसंगत पुरावा नाहीं. तेव्हां कांहीं लोकांनीं टाळ्या पिटून म्हटलें, मग गोळ्याही खोट्या! परंतु तें अनुमान बसत नाहीं. पॅरासिटामॉलनें ताप उतरतो, म्हणून ताप हा पॅरासिटामॉलच्या उणिवेनें आला होता असें कोणी म्हणत नाहीं. आणि तशी उणीव नव्हती म्हणून ताप उतरलाच नाहीं असेंही म्हणत नाहीं. २०१८ सालीं २१ औषधांच्या ५२२ प्रयोगांचा, म्हणजे १,१६,४७७ माणसांच्या अनुभवाचा, एकत्र हिशेब प्रसिद्ध झाला. त्यांत मोठ्या माणसांच्या तीव्र उदासीवर तीं सर्व औषधें नुसत्या पिठाच्या गोळीपेक्षां अधिक गुणकारी ठरलीं. अधिक म्हणजे फारच अधिक नव्हे, आणि प्रत्येकास नव्हे, हेंही तितकेंच खरें.

येथवर झाली उदासीची बाजू. जबाबदारीचा खरा पेंच मात्र कंपवाताच्या औषधांत दिसतो.

म्हातारपणीं हात थरथरूं लागतात, पाऊल अडखळतें, चेहरा निर्विकार होतो, त्या रोगाचें वर्णन लंडनच्या जेम्स पार्किन्सन या डॉक्टरनें १८१७ सालीं केलें. अशा रोग्यांच्या मेंदूंतील एका भागांत डोपामिन फार घटलेलें असतें, हें १९६० सालीं व्हिएन्ना येथें सिद्ध झालें, आणि १९६७ सालीं अमेरिकेंत कोट्झियास यांनीं डोपा पोटांत मोठ्या मात्रेनें देऊन पुष्कळ रोगी चालते केले. आपल्या कुंपणावर वाढणारी खाजकुयली, जिच्या शेंगांच्या लवेनें पोरें एकमेकांस छळतात, तिच्या बियांत हेंच एल-डोपा असतें. १९३७ सालीं मद्रास इलाख्यांतील दामोदरन् व रामस्वामी यांनीं तें त्यांतून काढिलें होतें. (कोणीं या बिया घरच्या घरीं कुटून खाऊं नयेत. मात्रा किती बसेल याचा भरंवसा नसतो.)

पुढें १९९० च्या दशकाच्या अखेरीस प्रामिपेक्सोल व रोपिनिरोल हीं औषधें निघालीं. तीं स्वतः डोपामिनसारखीं वागून त्याच्या दारीं लागतात. त्यांनीं थरथर कमी होते. पण कांहीं घरांत भलतेंच घडूं लागलें. जन्मभर काटकसरीनें वागलेला वृद्ध मनुष्य जुगाराच्या अड्ड्यांत रात्री घालवूं लागला. कोणी नको त्या वस्तु विकत घेत सुटला. कोणाची कामवासना अनावर झाली. कोणी मध्यरात्रीं उठून अधाशासारखा खाऊं लागला. २०१० सालीं अमेरिका व कॅनडा येथील ३,०९० कंपवाताच्या रोग्यांची पाहणी प्रसिद्ध झाली. या जातीचें औषध घेणाऱ्यांत शंभरांतील सुमारें १७ जणांस अशी एखादी अनावर ओढ होती. न घेणाऱ्यांत सुमारें ७ जणांस. औषध कमी केल्यावर किंवा बदलल्यावर पुष्कळांची ती ओढ ओसरते, हेंही डॉक्टरांनीं वारंवार पाहिलें आहे.

आतां समजा, आपल्या मंडळीतील एक वडील, ज्यांनीं चाळीस वर्षें मटक्याविरुद्ध बोध केला, तेच हें औषध घेऊं लागल्यावर चोरून आंकडा लावूं लागले, आणि सुनेचे दागिने गहाण पडले. पंच बसले. काय म्हणावें?

एक पक्ष म्हणेल, ‘हात यांचे, पाय यांचे, चिठ्ठी यांनींच लिहिली, औषधानें काय मटक्याचा आंकडा कानांत सांगितला?’ या म्हणण्यांत तथ्य आहे. शंभरांतील सुमारें ८३ जणांस तेंच औषध घेऊनही अशी कोणतीच अनावर ओढ लागली नाहीं. औषध ओढ वाढवितें, ती ओढ कोणत्या वाटेनें जाईल हें मनुष्याच्या संवयी, सोबत आणि संधि यांवर ठरतें. दुसरा पक्ष म्हणेल, ‘गोळीपूर्वीं हें नव्हतें, गोळी थांबल्यावर हें नसतें, मग मध्यंतरींचा मनुष्य हा नव्हेच.’ यांतही तथ्य आहे, आणि मला तें पहिल्यापेक्षां जड वाटतें. पण ‘हा तो नव्हेच’ हें म्हणणें जरा जपून करावें. तो शब्द दयेचा वाटतो, पण त्यानें त्या वडिलांच्या हातून उरलेंसुरलें सर्व काढून घेतलें जातें; त्यांनीं त्याच दिवसांत नातवास मांडीवर घेतलें असेल, आजाऱ्यास भेट दिली असेल, तेंही मग त्यांचें राहत नाहीं.

मला असें दिसतें कीं, आपण जबाबदारीला दिव्याच्या बटणासारखी समजतों, एक तर पूर्ण आहे किंवा मुळींच नाहीं, तेथेंच घोटाळा होतो. जबाबदारी ओझ्यासारखी आहे. ती कमी-अधिक असते, आणि वांटूनही घेतां येते. ओढ मनांत उठली यांत त्या वडिलांचा दोष नाहीं. ओढ उठल्यावर पहिल्या आठवड्यांत त्यांनीं बायकोस किंवा डॉक्टरास सांगितलें कीं लपविलें, येथें त्यांचा कांहीं भाग येतो. पण तोही, ज्यास ‘हें औषधानें होऊं शकतें’ असें कोणीं सांगितलेलेंच नाहीं, त्याच्याकडे फार थोडा. कारण ज्याला आपली ओढ स्वतःच्या अंतःकरणाची घाण वाटते तो लाजून लपवितो. आणि ज्याला ती औषधाची खोड असूं शकते हें ठाऊक आहे तो निदान तोंड उघडतो. म्हणून न सांगणाऱ्या डॉक्टराकडेही त्या ओझ्याचा भाग जातो, आणि पाहूनही न पाहिल्यासारखें करणाऱ्या मुलाकडेही.

आतां प्रश्नाची दुसरी बाजू. औषधानें दुर्गुण येऊं शकतो, तर सद्गुणही येऊं शकेल काय? यावर प्रत्यक्ष प्रयोग झाले आहेत. २०१० सालीं केंब्रिज येथें मॉली क्रॉकेट व त्यांच्या सोबत्यांनीं निरोगी माणसांस सेरोटोनिनवर काम करणाऱ्या सिटालोप्राम या औषधाची एकच मात्रा दिली, आणि त्यांच्यापुढें असे कल्पित पेंच ठेविले कीं, पांच जणांचा प्राण वांचविण्याकरितां एका निरपराध्यास आपल्या हातानें ढकलून मारणें योग्य कीं अयोग्य? औषध घेतलेले लोक असें इजा करणें अयोग्य म्हणण्याकडे अधिक झुकले. २०१५ सालीं लंडन येथें त्यांनींच दुसरा प्रयोग प्रसिद्ध केला. पैशाच्या मोबदल्यांत स्वतःस किंवा अनोळखी माणसास विजेचा सौम्य झटका बसूं द्यावयाचा. सिटालोप्राम घेतलेल्यांनीं स्वतःस व परक्यास, दोघांसही झटका टाळण्यासाठीं अधिक पैसे सोडले. एल-डोपा घेतलेल्यांत मात्र, स्वतःपेक्षां परक्यास अधिक जपण्याची जी वृत्ति माणसांत एरव्हीं दिसते ती कमी झाली.

असें ऐकलें कीं भाविक मनुष्य दचकतो. दया ही गोळींतून येते तर तिचें मोल काय? पण थोडें थांबून पाहूं. पोटभर जेवलेली आई उपाशी आईपेक्षां लेकरावर कमी चिडते. रात्रभर झोंपलेला शिक्षक जागरण झालेल्या शिक्षकापेक्षां छडी कमी उचलतो. त्या सहनशीलतेस आपण ‘भाकरीची सहनशीलता’ म्हणून तुच्छ लेखत नाहीं. आपला स्वभाव अन्न, झोंप, हवा, दुखणें यांपासून वेगळा असा कधींच नव्हता. गोळीनें ती जुनीच गोष्ट आपल्या डोळ्यांपुढें जरा उघडी केली आहे. एलीया संदेष्टा रानांत झुडुपाखालीं पडून मरण मागत होता, तेव्हां त्यास प्रथम भाकर, पाणी व झोंप देण्यांत आली, तीही दोन वेळां. ‘तूं येथें काय करितोस’ हा प्रश्न पुष्कळ मागाहून आला. ही कथा आपण सर्वांनीं शेंकडों वेळां वाचली आहे, आणि तरी उदास माणसाच्या घरीं गेल्यावर आपण प्रश्नापासून सुरुवात करितों.

पुष्कळ बोधकर्ते येथें कंदिलाचा दृष्टान्त देतात. आत्मा ही ज्योत, शरीर ही कांच. कांच काजळली तर प्रकाश बाहेर येत नाहीं, औषध ती पुसतें. दृष्टान्त गोड आहे, आणि उदासीच्या रोग्यास त्यानें धीर येतो, म्हणून मी तो टाकून द्या म्हणत नाहीं. पण जुगारी झालेल्या वडिलांस तो लागूं पडत नाहीं. त्यांच्या बाबतींत कांच काळी झाली नव्हती. इच्छाच, म्हणजे ज्योतच, वांकडी झाली होती. शरीराला कांहींही होवो, आंतला ‘मी’ अस्पर्श राहतो, ही कल्पना आपल्या देशांत फार जुनी व फार प्रिय आहे; परंतु आपल्या विश्वासांत मनुष्य हा मातीचा व श्वासाचा मिळून एक आहे, आणि शेवटची आशाही देहासकट उठण्याची आहे. त्यामुळें मेंदूंतील रसायनानें माणसाची इच्छा हलते हें ऐकून आपली श्रद्धा डळमळण्याचें कारण नाहीं.

याचा अर्थ गोळी ही निष्पाप वस्तु आहे असा मात्र नव्हे. सेरोटोनिनवरील औषधांनीं कित्येकांस मळमळ होते, वैवाहिक सुख मंदावतें. कित्येक सांगतात कीं, दुःख गेलें पण रडूंही येईना, घरांत मृत्यु झाला तरी डोळे कोरडेच. असें झालें तर तें निमूटपणें सोसूं नये, डॉक्टरास सांगावें. मात्रा किंवा औषध बदलतां येतें. लहान मुलें व तरुण यांच्या मनांत आरंभींच्या आठवड्यांत जीव देण्याचे विचार वाढूं शकतात, असा इशारा अमेरिकेच्या औषध-खात्यानें २००४ सालीं दिला व २००७ सालीं तो २४ वर्षांपर्यंतच्या तरुणांस लागूं केला. म्हणून अशा लेकरास पहिले कांहीं आठवडे एकटें सोडूं नये. आणखी एक गोष्ट मी विशेष कळकळीनें सांगतों. बरें वाटूं लागलें म्हणून, किंवा कोणीं ‘आतां विश्वासानें सोडून द्या’ म्हटलें म्हणून, गोळ्या एकाएकीं बंद करूं नयेत. घेरी येते, डोक्यांत विजेसारखे झटके येतात, जीव घाबरतो, आणि मूळ दुखणेंही उलटूं शकतें. गोळ्या उतरवावयाच्या त्या डॉक्टरास विचारून, पायरीपायरीनें. जो उपदेशक प्रार्थनासभेंत रोग्याच्या हातांतील पुडी फेंकावयास लावितो, तो विश्वासाचें नव्हे, साहसाचें काम करितो, आणि साहस दुसऱ्याच्या जिवावर करितो. शेजारणीची गोळी आपल्या घरच्यास देणें हेंही तसेंच.

उलट, सर्व दुःखांस दवाखान्याची वाट दाखविणें हाही आळसच. पावसानें दगा दिला, सावकार दारांत बसला, सासरीं मार होतो, अशा माणसाची उदासी गोळीनें हलकी होईल, पण सावकार उठणार नाहीं. तेथें मंडळीनें गोळीला हात न लावतां दुसरीकडे हात लावावयाचा असतो.

आपला कायदाही या बाबतींत बराच पुढें गेला आहे. २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्यानें असें गृहीत धरिलें आहे कीं, जो जीव देऊं पाहतो तो तीव्र ताणाखालीं असतो. त्यास शिक्षा न करितां सरकारनें त्याची शुश्रूषा करावी. २०२२ सालापासून सरकारची टेलि-मानस ही दूरध्वनीची सोय चालूं आहे. १४४१६ या क्रमांकावर फुकट बोलतां येतें. हा आंकडा प्रत्येक उपदेशकानें आपल्या वहींत लिहून ठेवावा. भगताकडे, देवऋष्याकडे नेण्यापूर्वीं निदान एक दूरध्वनि करण्यास कोणाचें कांहीं जात नाहीं.

राहतां राहिले ते वडील आणि सुनेचे गहाण दागिने. औषध बदललें, ओढ ओसरली, ते पुन्हां पूर्वींसारखे झाले असें धरून चाला. मंडळीनें त्यांस क्षमा केली, किंवा क्षमा करण्याजोगें फार थोडें होतें असें ठरविलें. तरी सराफाचें देणें उरतेंच, आणि तें व्याजासह. सुनेनें काय करावें? औषधानें केलें म्हणून तिचे दागिने आपोआप परत येत नाहींत. माझें मत विचाराल तर, देणें त्या वडिलांनींच फेडावें, शिक्षा म्हणून नव्हे. तर घर त्यांचें आहे आणि सून त्यांची आहे म्हणून. आणि त्यांच्यानें एकट्यानें फिटणार नाहीं तर मुलानें व मंडळीनें हात लावावा. कित्येक म्हणतील, दोष थोडा आणि भरपाई पूर्ण, हा कोठला न्याय? पण आपली गाय आपल्या नकळत दोर तोडून शेजाऱ्याच्या जोंधळ्यांत शिरली, तर आपण पंचांपुढें काय म्हणतों तें प्रत्येक शेतकऱ्यास ठाऊक आहे. दागिने सुटेपर्यंत सुनेस त्या वडिलांच्या हातीं घरखर्चाचे पैसे द्यावयाचे नसले तर कोणीं तिला कठोर म्हणूं नये; आणि त्या वडिलांस पुन्हां मंडळीपुढें बोध करावयास उभें करावयाचें कीं नाहीं, तें त्यांस व डॉक्टरास विचारून पंचांनीं ठरवावें.